उरलंसुरलं वजन

१४ सप्टेंबर १९६६ या दिवशी जेमिनी-११ हे दोन माणसांचं यान आणि अजीना नावाचं मानवरहित रॉकेट पृथ्वीभोवती जोडीने फिरत होतं, आणि दोघांच्या मध्ये सुमारे ३० मीटर लांबीचा डॅक्रॉनचा दोर होता. आदल्या दिवशी तो बांधायला रिचर्ड गॉर्डन यानाबाहेर गेले होते. जमिनीवर किरकोळ वाटावं असं ते काम. पण पाय रोवायला जागा नसल्याने गॉर्डन इतके मेटाकुटीला आले, की कमांडर पीट कॉनरॅड यांनी त्यांना वेळेआधीच आत बोलावून घेतलं. आता कॉनरॅड यान आणि रॉकेट ही जोडी एकमेकांभोवती गरगर फिरवू पाहत होते. दोर काही केल्या ताठ होईना, मध्येच त्याला पोक येई. अखेर जोडी फिरू लागली, आधी मिनिटाला ३८ अंश आणि नंतर ५५ अंश या संथ गतीने.

आत बसलेल्या दोघांना काहीच जाणवलं नाही. मग त्यांनी एक कॅमेरा समोरच्या उपकरणफलकाला टेकवला आणि सोडून दिला. कॅमेरा दोराला समांतर अशा सरळ रेषेत हळूहळू मागच्या भिंतीकडे सरकत गेला. शरीराला ज्याचा पत्ता नव्हता ते वजन कॅमेऱ्याने दाखवून दिलं. पृथ्वीवरच्या वजनाच्या तुलनेत ते दहा हजारांत फार तर दोन-चार भाग एवढंच होतं.

या प्रयोगाची नोंद बहुतेक ठिकाणी ‘अवकाशातलं पहिलं कृत्रिम गुरुत्व’ अशी होते, आणि ती चुकीची नाही. मला मात्र त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. इतकं क्षीण त्वरणसुद्धा वस्तू हलवतं, आणि माणसाला त्याची जाणीव होत नाही. पुढची तीस-चाळीस वर्षं अवकाशशास्त्रज्ञांच्या डोक्याला ताप झाला तो नेमका याचाच.

मुळात कक्षेत वजन नाहीसं होतं ते गुरुत्वाकर्षण संपल्यामुळे नव्हे. ४०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या सुमारे ८९ टक्के असते. यान आणि त्यातलं सगळं सामान एकाच वेगाने सतत पडत असतं, म्हणून कुणी कुणावर टेकत नाही. पण हे बोलणं काटेकोरपणे खरं आहे ते फक्त एका बिंदूसाठी, यानाच्या वस्तुमानकेंद्रासाठी. त्या बिंदूच्या खाली असलेल्या वस्तूवर पृथ्वीची ओढ किंचित जास्त, वर असलेल्या वस्तूवर किंचित कमी. समुद्राला भरती आणणारी यंत्रणा हीच. पृथ्वीकडे कायम एकच बाजू ठेवून फिरणाऱ्या अवकाशस्थानकात, केंद्रापासून तीन मीटर वर, एक पेन्सिल अलगद सोडली आणि बाकी कशाचाही उपद्रव नसला, तर दहा मिनिटांत ती आणखी दोन मीटर वर आणि जवळजवळ मीटरभर मागे गेलेली असेल. तिला कुणी ढकललेलं नसतं. पेन्सिल आपल्या कक्षेने जाते आणि स्थानक त्याच्या.

त्यात हवेची भर. इतक्या उंचीवरही हवेचे विरळ रेणू असतात आणि ते यानाला अडवत राहतात. यान मंदावतं, आतली तरंगती वस्तू मंदावत नाही, म्हणून ती सावकाश पुढच्या भिंतीकडे जाते. हा रोध पृथ्वीवरच्या गुरुत्वीय त्वरणाच्या, म्हणजे ‘जी’च्या, दहा लाखांत एक भाग किंवा त्याहूनही कमी असतो. या दहा लाखाव्या भागालाच पुढे ‘मायक्रो-जी’ म्हणू लागले.

गंमत अशी, की अमेरिकी अवकाश कार्यक्रमाने या क्षीण त्वरणाची पहिली दखल घेतली ती शत्रू म्हणून नव्हे. चंद्रावर जायचं तर सॅटर्न रॉकेटचा वरचा टप्पा, एस-फोर-बी, आधी पृथ्वीच्या कक्षेत न्यायचा, तिथे इंजिन बंद करायचं आणि दोनेक फेऱ्यांनंतर पुन्हा पेटवायचं, असा बेत होता. पण वजन नसेल तर टाकीतला द्रवरूप हायड्रोजन तळाशी कशाला राहील? तो वर, भिंतींवर, कुठेही जाईल आणि इंजिनाच्या तोंडी वायूचे बुडबुडे येतील. म्हणून ५ जुलै १९६६ रोजी एएस-२०३ या उड्डाणात टाकीच्या आतच टीव्ही कॅमेरा बसवून हायड्रोजन कसा वागतो ते पाहण्यात आलं. उपाय साधा होता. हायड्रोजनची वाफ होतच असते. ती मागच्या दिशेने सतत सोडत राहायची. तेवढ्या फुंकरीने टप्पा अगदी किंचित पुढे ढकलला जाई आणि द्रव तळाशी बसून राही. अपोलोच्या चांद्रमोहिमांत इंधन जागेवर राहिलं ते या उपायामुळे.

त्याच अपोलो यानात, परतीच्या वाटेवर, हे त्वरण पहिल्यांदा नडलं. ७ फेब्रुवारी १९७१ रोजी अपोलो-१४चे स्टुअर्ट रूसा यांनी काही छोटे प्रयोग केले. बंद भांड्यातला द्रव आणि वायू एका बाजूने तापवायचा आणि उष्णता कशी पसरते ते पाहायचं. जमिनीवर तापलेला द्रव हलका होऊन वर जातो, थंड खाली येतो, आणि अभिसरण सुरू होतं. वजनच नसेल तर ‘हलका’ आणि ‘जड’ या शब्दांना अर्थ उरत नाही. उष्णता फक्त वहनाने, रेणूकडून रेणूकडे, जायला हवी. बहुतांशी तसंच झालं. पण मोजलेले आकडे नुसत्या वहनाच्या हिशेबापेक्षा थोडे जास्त येत होते. उष्णतेला कुणीतरी हात देत होतं. पुढल्या वर्षी अपोलो-१७मध्ये हे प्रयोग पुन्हा केले तेव्हा संशयाचं बोट यानाच्या स्वतःच्याच हालचालींकडे वळलं.

इथे कुणी म्हणेल, चहाच्या पेल्याएवढ्या भांड्यातली उष्णता थोडी इकडेतिकडे झाली तर काय बिघडलं? बिघडलं नसतं, जर १९७३ साली स्कायलॅब या अमेरिकी अवकाशस्थानकाने सगळ्यांच्या आशा वाढवून ठेवल्या नसत्या.

स्कायलॅबवर एक छोटी भट्टी होती. एमआयटीचे हॅरी गॅटोस आणि ऑगस्ट विट यांनी तिच्यात इंडियम अँटिमनाइड या अर्धवाहकाचे स्फटिक वाढवण्याचा प्रयोग आखला होता. वितळलेल्या अर्धवाहकात मिसळलेलं अल्प प्रमाणातलं दुसरं मूलद्रव्य स्फटिकात सगळीकडे सारखं बसावं, ही इलेक्ट्रॉनिक्सची जुनी मागणी. जमिनीवर अभिसरणामुळे द्रव ढवळला जातो, स्फटिकाच्या टोकाचं तापमान खालीवर होतं आणि त्या मूलद्रव्याचे पट्टे पडतात. स्फटिक कापून, घासून, आम्लात बुडवला की हे पट्टे सूक्ष्मदर्शकाखाली झाडाच्या वर्तुळांसारखे स्पष्ट दिसतात. स्कायलॅबवरून आलेल्या स्फटिकाचा अवकाशात वाढलेला भाग पाहिला तर तिथे पट्टे नव्हते. सत्तरच्या दशकात ‘अवकाशातले कारखाने’ ही कल्पना जी भरारली, तिला अशा निकालांनी बळ दिलं.

त्याच स्कायलॅबवर एक वेगळाच प्रयोग चालू होता, आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. त्याचा क्रमांक टी-०१३. स्थानकावर सूर्याच्या दुर्बिणी होत्या आणि त्यांचा नेम काही सेकंद-कोनापलीकडे ढळून चालणार नव्हता. माणसं आत वावरणार, तर त्यांच्या हालचालीने नेम किती हलेल? नासाच्या लँगली केंद्राने मोजायचं ठरवलं. दुसऱ्या तुकडीचे कमांडर ॲलन बीन यांनी सांध्यांची हालचाल नोंदवणारा, अंगावर चढवायचा सांगाडाच घातला, आणि भिंतीवर बसवलेल्या बलमापक पाट्यांवर दीर्घ श्वास घेण्यापासून या भिंतीवरून त्या भिंतीवर झेप घेण्यापर्यंत सगळं करून दाखवलं. दुर्बिणींचा नेम टिकला. पण सुमारे नव्वद टनांचं स्थानक एका माणसाच्या अंगविक्षेपाने किती हलतं याचे आकडे पहिल्यांदा हाती आले. माणूस भिंतीला रेटा देतो तेव्हा स्थानक उलट दिशेला सरकतं, आणि तो समोरच्या भिंतीला हात टेकून थांबला की तेही थांबतं. जमाखर्च शून्य. पण मधल्या काही सेकंदांत भट्टीतल्या द्रवाला दोन झटके बसलेले असतात.

मग अमेरिकेचं स्पेस शटल आलं आणि प्रश्न ऐरणीवर आला. शटलचं वजन सुमारे शंभर टन. दिशा सांभाळायला त्याला ४४ छोटी रॉकेटं होती, ३८ मोठी आणि ६ नाजूक. नाजूक रॉकेटाचा रेटा जेमतेम अकरा किलोंच्या वजनाएवढा, तरी तेवढ्याने शंभर टनी यानाला ‘जी’च्या दहा हजाराव्या भागाचा धक्का बसे. मोठं रॉकेट पेटलं तर त्याच्या तीसचाळीस पट. ज्या प्रयोगाला एक मायक्रो-जीची शांतता हवी, त्याला हा धक्का काही हजार पटींचा.

मग युक्त्या सुरू झाल्या. २९ एप्रिल १९८५ रोजी स्पेसलॅब-३ ही प्रयोगशाळा घेऊन निघालेलं चॅलेंजर शटल शेपटी पृथ्वीकडे करून उभं उडवलं गेलं. लांबट वस्तू कक्षेत अशी उभी राहिली की भरतीचं तेच बल तिला त्या स्थितीत धरून ठेवतं आणि रॉकेटं वारंवार पेटवावी लागत नाहीत. स्फटिकांची उपकरणं वस्तुमानकेंद्राजवळ बसवली होती. या मोहिमेत लोडविक व्हॅन डेन बर्ग होते. मर्क्युरिक आयोडाइडचे स्फटिक वाढवण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता, म्हणून त्यांनाच वर पाठवलं गेलं. त्यांनी बाष्पातून तो लाल स्फटिक वाढवला. त्याच प्रयोगशाळेत दोन माकडं आणि चोवीस उंदीरही होते, आणि त्यांच्या पिंजऱ्यांतून सुटलेला खाद्याचा चुरा केबिनभर तरंगत होता. शांततेची अपेक्षा कुठे ठेवायची, असा प्रश्न पडावा अशी ती जागा.

तरी अजून सगळं अंदाजपंचे होतं. प्रत्येक प्रयोगाचा स्वतःचा त्वरणमापक, प्रत्येकाची मोजायची पद्धत निराळी. क्लीव्हलँडच्या लुईस केंद्राने सर्वांसाठी एकच मापनयंत्रणा बनवली, तिचं नाव सॅम्स. जून १९९१मध्ये कोलंबिया शटलच्या एसटीएस-४० मोहिमेत ती पहिल्यांदा गेली. त्याच उड्डाणात लँगलीचे रॉबर्ट ब्लँचर्ड यांचं ओएआरई नावाचं उपकरणही होतं. सॅम्स थरथर टिपायची. ओएआरईचं काम हवेच्या रोधासारखं संथ, टिकून राहणारं त्वरण मोजायचं, तेही ‘जी’च्या अब्जाव्या भागाच्या पातळीपर्यंत.

सॅम्सचे आलेख हाती आले आणि यानाचा खाजगी संसार उघडा पडला. सर्वात ठळक रेघ सेकंदाला १७ कंपनांची. तिचा माग काढला तर ती सामानकक्षाच्या कडेला उभारलेल्या संदेशवहनाच्या बशीकडे गेली. बशीची खीळ अडकून बसू नये म्हणून मोटर तिला मुद्दाम सारखी थरथरवत ठेवी. अडलेली किल्ली आपण कुलपात हलवत राहतो, तसंच. या थरथरीची नोंद काही ठिकाणी शंभर मायक्रो-जीपर्यंत जाई. दुसरी रेघ २२ कंपनांची, ती नमुने ठेवायच्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरची. सेकंदाला अडीच-तीनच्या आसपास एक उंचवटा दिसे, तो कुणीतरी व्यायामाची सायकल मारतंय याचा. त्याच्या निम्म्या वारंवारतेवर आणखी एक. पायडल मारताना डावी-उजवीकडे झुकणाऱ्या खांद्यांचा. मंडळी झोपली की आलेख सपाट व्हायचे. स्फटिकवाले संशोधक या झोपेच्या तासांवर डोळा ठेवून असत.

या सगळ्याला धंद्यातल्या लोकांनी नाव दिलं ‘जी-जिटर’. पण इथे एक बारकावा आहे, आणि मला वाटतं या कथेत तोच सर्वात मोलाचा. आलेखात जे सर्वात उंच दिसतं ते सर्वात घातक असतंच असं नाही. सेकंदाला १७ वेळा दिशा बदलणाऱ्या धक्क्याला द्रव फारशी दाद देत नाही. तो एकीकडे हलायला लागेपर्यंत धक्का उलटलेला असतो. उलट, तासन्‌तास एकाच दिशेने लागून राहिलेला एक मायक्रो-जी आलेखात दिसतही नाही, आणि तो भट्टीत संथ अभिसरण सुरू करून स्फटिकाची एक बाजू दुसरीपेक्षा वेगळी करून ठेवतो. म्हणजे बशीच्या थरथरीवर जितकी चर्चा झाली, तितकी यान कोणत्या अंगाने उडतंय यावरही व्हायला हवी होती. पुढे ती झाली. जून १९९२मध्ये निघालेल्या एसटीएस-५०च्या जवळपास चौदा दिवसांच्या मोहिमेत स्फटिकांच्या भट्टीसाठी कोलंबियाला पुन्हा उभं ठेवण्यात आलं.

मधल्या पट्ट्यातले धक्के, म्हणजे रॉकेटाचा काही सेकंदांचा रेटा, खरोखर किती नडतात? याचं उत्तर फ्रेंचांच्या मेफिस्टो भट्टीने दिलं. ऑक्टोबर १९९२मध्ये कोलंबियातून ती पहिल्यांदा गेली. कथील आणि बिस्मथ यांचा मिश्रधातू तिच्यात घट्ट होत असताना द्रव आणि घन यांच्या सीमेवरचं तापमान विजेच्या दाबावरून त्याच क्षणी कळायचं. पूर्वी स्फटिक घरी आणून कापल्याशिवाय काही समजत नसे. आता जमिनीवर बसलेल्या शास्त्रज्ञांना यानाचं रॉकेट पेटताच पडद्यावरची रेघ थरकताना दिसू लागली. द्रवाची प्रतिक्रिया आणि तिचं कारण पहिल्यांदा एकाच घड्याळावर आले.

हे सगळं ज्ञान आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाच्या आराखड्यात उतरलं. अमेरिकेची डेस्टिनी प्रयोगशाळा केंद्राच्या जवळ ठेवली. वर्षातून किमान १८० दिवस, सलग ३०-३० दिवसांच्या तुकड्यांत, शांतता मिळावी असा दंडक घातला. काही प्रयोगांची कपाटंच्या कपाटं भिंतीपासून सुटी करून, हलत्या दांड्यांनी तोलून धरण्याची सोय झाली. आणि धावपट्टीचं, म्हणजे ट्रेडमिलचं, काय? माणसाची हाडं टिकवायची तर रोज पळणं भाग. झ्वेझ्दा कक्षाच्या जमिनीत बसवलेली पहिली धावपट्टी म्हणून स्थानकाला घट्ट जोडलेली नव्हती. गायरोस्कोपच्या आधाराने ती तरंगत असे आणि पावलांचे ठोके स्वतःपुरते ठेवी. १६ एप्रिल २००७ रोजी सुनीता विल्यम्स यांनी बॉस्टन मॅरेथॉन वरच्या वर पूर्ण केली ती याच पट्टीवर, चार तास चोवीस मिनिटांत. ४२ किलोमीटर पळणाऱ्या माणसाचा धक्का स्थानकाला लागू नये, ही मला त्या विक्रमाहून कमी कौतुकाची गोष्ट वाटत नाही.

तरी गफलती झाल्याच. १४ जानेवारी २००९ रोजी कक्षा उंचावण्यासाठी झ्वेझ्दाची इंजिनं दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ पेटवली. इंजिनांची दिशा सांभाळणाऱ्या प्रणालीत चुकीची मूल्यं भरली गेली होती. इंजिन डोलू लागलं, आणि त्या डोलण्याची लय स्थानकाच्या स्वतःच्या लयीशी जुळली. आतल्या कॅमेऱ्यांत सामान झुलताना दिसलं, बाहेर सौर पंखे हलले. नुकसान झालं नाही, पण काही काळ कक्षा उंचावण्याचं काम जपून करावं लागलं.

ज्यांना खरोखर शुद्ध मुक्तपतन हवं होतं त्यांनी मात्र फार आधीच माणसाला वगळलं होतं. स्टॅनफर्डच्या बेंजामिन लँग यांनी १९६४मध्ये एक कल्पना सविस्तर मांडली. पोकळीत एक गोळा मोकळा सोडा, कशालाही न टेकता. बाहेरचं यान हवेचा आणि सूर्यप्रकाशाचा दाब आपल्या अंगावर घेईल, आणि गोळा भिंतीच्या जवळ येतोय असं दिसताच स्वतःच बाजूला सरकेल. गोळ्याच्या मागे यान. २ सप्टेंबर १९७२ रोजी अमेरिकी नौदलासाठी सोडलेल्या ट्रायड उपग्रहात सोनं आणि प्लॅटिनम यांच्या मिश्रधातूचा २२ मिलिमीटर व्यासाचा गोळा असाच तरंगत ठेवला होता. उरलेलं त्वरण ‘जी’च्या दोनशे अब्जांत एक भागाहूनही कमी होतं. इथे एक नवाच उपद्रव पुढे आला, तो यानाच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाचा. यंत्रं, इंधन, तारा, सगळेच गोळ्याला आपापल्या बाजूला ओढतात. म्हणून ट्रायडचे जड भाग लांब दांड्यांवर दूर ठेवले होते.

३ डिसेंबर २०१५ रोजी युरोपने सोडलेल्या लिसा पाथफाइंडरने ही रीत टोकाला नेली. दोन घन, प्रत्येकी ४६ मिलिमीटर, वजन दोन किलोंच्या आसपास, एकमेकांपासून ३८ सेंटिमीटरवर, आणि यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर दूर. यानाची स्वतःची ओढ फेडायला घनांभोवती धातूचे ठोकळे हिशेबाने बसवले होते. हवा नाही, माणूस नाही, फ्रीज नाही. जून २०१६मध्ये पहिले निकाल जाहीर झाले तेव्हा ठरवलेल्या मर्यादेहून कितीतरी कमी थरथर भरली होती. जी उरली होती तिचा मोठा वाटा घनांच्या कोठडीत राहून गेलेल्या वायूच्या रेणूंचा निघाला. ते घनावर आदळत होते. कोठडी अवकाशाकडे उघडी होती आणि महिनोन्‌महिने तो वायू बाहेर जात राहिला, तसा आलेख खाली उतरत गेला. गुरुत्वलहरी ऐकण्यासाठी अशाच घनांची तीन यानं, एकमेकांपासून पंचवीस लाख किलोमीटरवर, सोडण्याच्या लिसा मोहिमेला युरोपीय अवकाश संस्थेने जानेवारी २०२४मध्ये मान्यता दिली. उड्डाण पुढच्या दशकाच्या मध्यावर अपेक्षित आहे.